ओ

डाबरे मॅडम नोकरी सोडून वसईला परत गेल्या
तेव्हा मला तीन गोष्टी देऊन गेल्या:
खुर्चीवरची उशी, कपाटाची किल्ली
आणि बिल्ड नावाचा एक फोल्डर,
ज्यात एक हजार एकशे बारा ऑब्जेक्ट फायली
एकाच सतरंजीवर झोपलेल्या.
"सगळं एका जागी असलं की बरं," त्या म्हणाल्या,
"शोधाशोध नको."

भांडुपला, चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस.
आम्ही दाखले छापणारे प्रोग्राम लिहितो,
एक जन्माचा, एक मृत्यूचा.
जन्म फोल्डरात एक नोंद डॉट सी.
मृत्यू फोल्डरात एक नोंद डॉट सी.
दोघी आपापल्या घरी सुखात.
कंपायलर दोघींना यंत्राच्या बोलीत उतरवतो
आणि आणून ठेवतो त्याच सतरंजीवर:
नोंद डॉट ओ.
नोंद डॉट ओ.
जी मागून येते ती आधीचीला पुसते.
ना एरर, ना वॉर्निंग.

मशीनला आठ कोर,
कोण मागून येईल ते रोज वेगळं.
सोमवारी सगळं ठीक.
मंगळवारी इरफान मुकादमनं चाचणीचं बाळ भरलं,
नाव अबक, वडिलांचं नाव कखग,
वजन दोन किलो आठशे,
आणि प्रिंटरमधून दाखला आला:
मृत्यूचे कारण – नमूद नाही.
इरफान हसला.
मग हसायचा थांबला.
त्याच्या घरी सातवा महिना चालू आहे.

आपल्याकडे ओ म्हणजे हाकेला दिलेलं उत्तर.
लिंकर हाक मारतो, नोंद!
दोघींपैकी जी उरली असेल ती ओ देते.
तो चेहरा बघत नाही.

आई नायगावच्या प्रसूतिगृहात आया होती, एकतीस वर्षं.
तिथे सगळ्यांचं नाव एकच. बाळ.
पुढे आईचं नाव, त्यापुढे खाटेचा नंबर,
गॉजच्या पट्टीवर जांभळ्या पेन्सिलीनं,
डाव्या पायाला गाठ.
"आधी पट्टी, मग आंघोळ," नव्या मुलींना बजावायची,
"न्हाऊ घातल्यावर सगळी सारखीच दिसतात गं."
एका रात्री दिवे गेले होते
आणि दोन पट्ट्या तिच्या हातातच राहिल्या होत्या.
ती गोष्ट ती तिथपर्यंतच सांगते.

मी रात्री साडेनऊपर्यंत बसून मेकफाइल बदलली.
बिल्डच्या आत सोर्सचीच वस्ती पुन्हा वसवली,
गल्लीला गल्ली, दाराला दार,
डिबगचा मजला वेगळा, रिलीजचा वेगळा.
आधी खोली, मग फाइल.
खोली नसली तर कंपायलर दारात उभा राहून भांडतो,
भांडू दे, गप्प राहण्यापेक्षा बरं.
सोर्सच्या अंगणात आता एकही डॉट ओ नाही,
उद्या अख्खा बिल्ड उडवला तरी
कुणाचं काही जात नाही.

उडवला.
पुन्हा बांधला, आठही कोर लावून.
वीस वेळा.
अबक वीस वेळा जन्मला.

डाबरे मॅडमना मेसेज केला.
आधी केळीच्या बागेचा फोटो आला,
मग बऱ्याच वेळानं:
"मलाही दोनदा दिसलं होतं.
पुन्हा बिल्ड केलं की ठीक व्हायचं.
नावं बदलायची होती, राहून गेलं."

खाली चष्मेवाल्यानं शटर ओढलं.
इरफान म्हणाला, उद्या बघू.
त्याची बायको वाट बघत असणार, त्याला जाऊ दिलं.
कपाटात चार वर्षांच्या दाखल्यांच्या प्रती आहेत,
वॉर्डवार, सुतळीनं बांधलेल्या.
किल्ली माझ्याकडेच होती.
पहिल्या गठ्ठ्याची गाठ
दातांनी सोडवावी लागली.