जे आधी येईल ते

पिवळा पाना पहिल्यांदा पेटला तो दिवाडीच्या धक्क्यावर.
फेरीबोटीत खलाशी ओरडला होता, इंजिन बंद करा,
मी केलं होतं. रायबंदर मागे राहिलं, मांडवी ओलांडली,
फळी पडली, किल्ली फिरवली,
तर काट्यांच्या मधोमध हा.

एकोणतीस वर्षं मी मुद्रितं तपासली,
पणजीच्या एका दैनिकात, बहुतेक रात्रपाळीला.
समासातली खूण म्हणजे काय
हे मला कुणी शिकवायला नको.
तरी म्हटलं, वर्षभरात अठराशे चाळीस किलोमीटर,
एवढ्यात कसली सर्व्हिस?
घर ते धक्का, धक्का ते बाजार,
एकदा शिरोड्याला लग्न, तेही जेवून लगेच परत.

माशेलहून भाचा आला, प्रज्योत.
किल्ली बंद. ट्रिपचं बटण दाबलं,
दाबलेलंच ठेवून किल्ली अर्धी फिरवली.
दहा, नऊ, आठ...
शून्याला पाना गेला
आणि त्याच्या जागी आकडा उगवला: दहा हजार.
"झालं, मावशी."
इतकं आयुष्य मला एका बोटाने
आजवर कुणी दिलं नव्हतं.
मी त्याला दोन वाट्या खतखतं वाढलं.

पाच महिने त्या आकड्यावर काढले.
नऊ हजार सातशे, नऊ हजार चारशे,
पासबुक बघावं तशी रोज बघायची,
आणि शिल्लक भरपूर.

मेर्शीला कायतानकडे थांबले ती फक्त हवा भरायला.
त्याने विचारल्याशिवाय बॉनेट उचललं,
डिपस्टिक ओढली, फडक्याला पुसली,
घातली, पुन्हा ओढली.
टोकाशी काळा थेंब, पडेना.
तेलाच्या झाकणाच्या आत
दुधावर धरावी तशी साय.

"दिवा कोणी पुसला?"
भाच्याने.
"आणि तेल?"

एकदा फोरमनने घाईत माझ्या खुणा खोडल्या होत्या,
फक्त खुणा.
पान वेळेवर गेलं.
सकाळी एका जिवंत माणसाच्या फोटोखाली
पुण्यस्मरण छापून आलं.
हे कायतानला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

"गाडी रावता, बाय. तेल रावना."
त्याने हात पुसले.
इंजिन तापायच्या आत तुझा धक्का येतो,
बोटीत तू ते विझवतेस,
आत पाणी सुटतं, त्याला उडून जायला
वीसेक मिनिटं रस्ता लागतो.
तो तू देतेस कधी?

मग खणातून पुस्तिका काढली,
अजून प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि काळं बोट एका ओळीखाली ठेवलं:
दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने,
जे आधी येईल ते.

दोनदा वाचली. स्वल्पविराम जागच्या जागी.
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
माझ्या गाडीत, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर,
चार वर्षं पडून होती ही ओळ.

खाली डबा लावला, तेल गळायला लागलं,
आधी धारेने, मग थेंब थेंब,
मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते बघत होतो.
फिल्टर बदलला. नवं ओतलं, मधाच्या रंगाचं.
शेवटी तो म्हणाला, आता दाब तू.
तेच बटण. तेच दहा, नऊ, आठ.
तोच आकडा वर आला.

दाराच्या कडेला त्याने चिठ्ठी चिकटवली,
तारीख, किलोमीटर,
आणि मार्करने ठळक: तेल बदली केले.
बदली!
डिचोलीहून केप्याला पाठवल्यासारखी.
पेन पर्समध्ये होतं.
मी ते तसंच राहू दिलं.

रविवारी आता जुन्या गोव्याच्या फेरीने उतरते
आणि काही काम नसताना
बाणस्तारीच्या पुलापर्यंत जाते.
तापमानाचा काटा मध्यावर येतो,
तिथे थोडा वेळ राहतो.
तेव्हा कुठे वळते.