गाठ

एकोणतीस वर्षं मागावर बसते मी,
लोकरीतली गाठ डोळे मिटून सापडते.
ही आंघोळीत सापडली. डाव्या स्तनात,
वाटाण्याएवढी, बोटाखालून निसटणारी.

मर्डोला म्हटलं, सूत आणायला चालले,
आणि स्टोर्नोवेची बस धरली.

डॉक्टरीणबाईंचे हात गार.
त्यांनी आधीच माफी मागितली.
मग जेल, त्याहून गार,
आणि पडद्यावर माझं आतलं हवामान:
करडे ढग, त्यात एक काळं बेट.
"कडा स्वच्छ आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या,
"तरी सुईनं तुकडा घेऊ."

"आता टक् असा आवाज होईल,"
नर्स चिर्स्टीनं बजावलं होतं.
तरी दचकले.
टक्. अजून दोनदा टक्.
माझा हात धरून तिनं विचारलं,
सध्या काय विणताय?
हिरवं, म्हटलं. शेवाळी हिरवं.
आणि रडले.
हिरव्यासाठी कोण रडतं?

निकालाला आठ दिवस.
मर्डोनं काही विचारलं नाही,
फक्त माझ्या वाटणीच्या कोंबड्यांनाही दाणे टाकले
रोज.

मंगळवारी फोन. साधी आहे,
तिच्यापासून धोका नाही. असू दे.
वाढली तर या.

असू दे.
कापडातही आम्ही गाठ कापत नाही,
उलट्या बाजूला सारतो.
गिऱ्हाइकाला कळत नाही कधी.
माझ्या बोटांना कळतं. झोपताना
अजून जातं एक बोट तिकडे,
काळजीनं नव्हे,
नुसतं गाठभेट म्हणून.