उसनं इंजिन

ओरियानोच्या ट्रॅक्टर गॅरेजात जन्मली आमची टीम,
फाएंझाबाहेर, पीचच्या बागांच्या कडेला.
कारखाना मोटरसायकल द्यायचा
गेल्या वर्षीची.
आम्ही तिला नवी म्हणायचो.

इंजिनाला शिशाचं सील. उघडायचं नाही.
आत काय बिनसलंय ते कानानंच ओळखायचं,
बंद दारामागच्या भांडणासारखं.

हंगाम संपला की पेटीत भरून परत.
फोस्का हिशेब बघायची, स्वयंपाकही तीच.
म्हणायची, उसनं भांडं रिकामं देऊ नये,
आणि इंजिनाशेजारी, चिंध्यांत गुंडाळून,
पीचच्या मुरंब्याची बरणी ठेवायची.
पोच कधी आली नाही.

मग आसेनला, ओल्या ट्रॅकवर,
आमच्या एव्हारिस्तोनं
कारखान्याच्या दोन्ही गाड्या मागे टाकल्या.
त्या गोंधळात माझा तेराचा पाना हरवला, तो हरवलाच.
सोमवारी फोन आला: अभिनंदन.
मंगळवारी पुन्हा: पोरगा पाठवा.

पुढच्या वर्षी मुजेल्लोत
निळ्या पोशाखात तो आमच्या नव्या पोराला ओलांडून गेला,
जाताना उजवा पाय जरासा बाहेर काढला.
आमच्यात त्याला आभार म्हणतात.
फोस्का म्हणाली, पायानं?

बावीस हंगाम.
तीन प्रायोजक बुडाले,
चौथ्यानं आम्हाला बुडवलं.
गॅरेजात पुन्हा ट्रॅक्टर, चिखलासकट.

परवा कारखान्याकडून पेटी आली.
बावीस बरण्या, धुतलेल्या,
रिकाम्या.
ओरियानो बराच वेळ काही बोलला नाही.
फोस्कानं झाकणं मोजली.
एक कमी होतं.