शिरगणती

पंपावर गाडी थांबली की मी मोजते.
हे काम माझं. मोठा खरं तर बेरेकेत,
पण तो स्वतःला धरायचं विसरतो,
मग आठच भरतात आणि आई पांढरी पडते.

नऊ जण आम्ही. पंधरा सीटची व्हॅन
एका चर्चकडून घेतलेली; दारावरचं नाव खरवडलं
तरी तिरप्या उन्हात अजून वाचता येतं.
पुढे ट्रक. त्यात बाबा, पियानो, सात पलंग
आणि पाळीपाळीनं आमच्यातला एक,
ज्याला त्या दिवशी गप्प बसायचं असेल तो.

ओहायो मागे पडलं तेव्हा कुणी रडलं नाही.
मागे टाकायची सवय आहे आम्हाला.
मी बल्गेरियातून आले ती अंगावरच्या स्वेटरनिशी.
विडलिनच्या मुठीत चमचा होता, अजून आहे.
जुळ्यांनी एकमेकांशिवाय काहीच आणलं नाही.

डेल्विन मात्र बूट काढत नाही.
सहा वर्षांचा. मार्चमध्ये न्यायाधीशबाईंनी
त्याला हातोडा आपटू दिला,
आम्ही ओळीत उभे. सही, फोटो, निळा केक.
आणि जूनमध्ये आईनं घरात खोकी आणली.

खोकी संपली तेव्हा काळ्या पिशव्या. कचऱ्याच्या.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.
चार घरांतून त्याचे कपडे
असल्याच पिशवीतून निघाले होते,
आणि दर वेळी कुणीतरी बाई म्हणाली होती,
चल, जरा गाडीतून फिरून येऊ.

इंडियाना, बूट घालून. इलिनॉय, बूट घालून.
आयोवात मोटेलच्या गादीवर बूट घालून, पिशवी पोटाशी.
काउंटरवरच्या माणसानं विचारलं, सगळी तुमचीच?
आई म्हणाली, कुत्रा सोडून.
तो शेजाऱ्यांचा. आपणहून चढला.

नेब्रास्का इतकं सपाट
की भांडायला कारण लागत नाही.
मका. मका. मग एक धान्याचं कोठार. मका.
कुठेतरी तिथेच डेल्विन माझ्या कानाशी आला,
तोंडाला चीजचा वास:
तुम्ही परत कधी जाणार?
कुठे?
घरी. मला सोडून झालं की.

मी पंधरा वर्षांची आहे. मला अपूर्णांक येतात,
जुळ्यांच्या वेण्या येतात, तीन भाषांत गप्प बसता येतं.
याचं उत्तर येत नव्हतं.
मी पुढच्या काचेतून ट्रकचं मागचं दार दाखवलं.
त्यात तुझा पलंग आहे, म्हटलं. माझाही.
आईचं शिवणयंत्र. जेवणाच्या टेबलाचे पाय,
चादरीत गुंडाळलेले, दोरी तूच धरली होतीस.
परत कशाला जायचं? तिथे आता
पडद्यांचे दांडे राहिलेत फक्त.

बराच वेळ तो ट्रककडे बघत राहिला.
सगळं बिऱ्हाड?
सगळं.
माझ्याबरोबर?

वायोमिंगमध्ये वाऱ्यानं व्हॅन तिरकी चालली,
हरणांसारखं काहीतरी कुंपणापलीकडे उभं होतं,
कोणी म्हणालं शेळ्या, त्यावरून चाळीस मैल वाद.
पुढच्या पंपावर मी मोजले. नऊ.
डेल्विन माझ्या मागून
एकेकाच्या पाठीला बोट लावत गेला आणि म्हणाला, दहा.
कुत्रा धरलास?
नाही. मीच. एकदा सुरुवातीला,
एकदा शेवटी. खात्रीला.

ओरेगॉनमध्ये पोचलो तेव्हा दुपार होती.
घर पिवळं, फोटोतल्याहून बुटकं, नळाला पाणी नाही.
बाबा किल्ली शोधत होते, आई बाबांना ओरडत होती,
आणि व्हॅनमध्ये सगळे डेल्विनचा एक बूट शोधत होते.
कधी काढला, कुणाला ठाऊक.
कुत्रा काही बोलत नव्हता.

शेवटी तो तसाच उतरला,
एक पाय वर धरून, तापलेल्या गवतावरून
दारापर्यंत लंगडी घालत गेला.
पिशवी सीटखालीच राहिली.
मी मोजायला लागले, आणि आठवर
कुणीतरी हाक मारली, विसरले.