चिंधी पांढरी निघेपर्यंत

गावाचं नाव ब्यूडली.
पहिल्या हिवाळ्यात सेव्हर्न नदी पबच्या तळघरात शिरली
तेव्हा मी एकटीच हसले,
आणि का, ते कुणाला सांगता आलं नाही.

क्लबची एअर रायफल तळघरातच होती.
बर्मिंगहॅमची, वयाने माझ्याहून मोठी,
दस्त्यावर चार पिढ्यांच्या गालांचा घाम मुरलेला.
सिरिल हॉबडेने ती पुसून माझ्या मांडीवर ठेवली:
"नळ्या साफ करणं तुझंच काम ना?"

खरंय.
किडरमिन्स्टरच्या इस्पितळात, भिंतीच्या पलीकडे,
जिथे पेशंट कधी येत नाहीत,
मी दिवसभर एण्डोस्कोप धुते,
माणसांच्या आत जाऊन आलेल्या लांब काळ्या नळ्या.
आधी गळती तपासायची, मग ब्रश, मग औषध, मग हवा.
दुसऱ्या टोकाला ब्रश स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा.
पुन्हा.

इथे मासे धरायची नायलॉन दोरी, टोकाला चिंधी.
मागून घाल, तोंडातून बाहेर ओढ, सिरिलने शिकवलं.
तोंडाची कड जिवापाड जपायची.
तिथे एक ओरखडा गेला
तर सुटता सुटता छर्रा विचार बदलतो.
तेल थेंबभर, तेही चिंधीला. नळीत ओतशील
तर दाबलेल्या हवेत ते पेट घेईल.

पहिली चिंधी काळी. शिशाची.
पेन्सिलीच्या टोकासारखी चकाकती.
दुसरी करडी. सहावी दुधाळ चहासारखी.
अकराव्या चिंधीला मी थांबायला हवं होतं.
सतराव्या चिंधीवर काहीच नव्हतं,
उजेडात धरली तर सुताची वीण तेवढी दिसली.
नळीतून बल्बकडे पाहिलं:
आतले पेच फिरत फिरत उजेडात विरघळत होते.
मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्या गुरुवारी रायफल कुणाचंच ऐकेना.
सहा यार्डांवर लोखंडी पत्रा, त्यात करंगळी
जाईल न जाईल एवढं भोक,
भोकामागे घंटा.
सगळे छर्रे पत्र्यावर. टप्. टप्.
घंटा मुकी.
सिरिल जे म्हणाला त्याचं मी मनात मराठी केलं:
तू तिची आठवण काढलीस.
आणि अर्थ नेमका उलटा झाला.
"थोडं शिसं आत राहू द्यायचं असतं, पोरी.
आता तीस छर्रे फुकट घालव. मग वाट ओळखेल."

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही.
मी सात-आठ, सात-आठ असे घालवत राहिले.
मग एका सोमवारी यादीत, सव्वादहाला,
हॉबडे, सी., वय अठ्ठ्याहत्तर.
खिडकीतून ट्रे सरकला तेव्हा नळी अजून कोमट होती.
मी काही पाहिलं नाही. आम्हाला काही दिसत नसतंच.
वहीत स्कोपचा नंबर, वेळ, माझी सही.
फक्त ब्रश नियमापेक्षा दोनदा जास्त फिरवला,
जणू इथे घासलं की तिथेही…
वाक्य तसंच ठेवून मी हातमोजे काढले.

गुरुवारी तो खुर्चीत होता. गळ्याभोवती मफलर,
समोर न प्यायलेली बियर.
"तुझ्या इस्पितळात होतो. दिसली नाहीस."
"आम्ही भिंतीमागे असतो."
"बरं आहे," तो म्हणाला. मग ग्लास जरा सरकवून,
"किती झाले?"
"बावीस."
"मोजत राहा."

तेवीस. चोवीस. पत्रा.
सव्विसावा भोकाच्या कडेला घासून गेला.
कुणीतरी चिप्स मागवल्या. बाहेर नदी पुलाखालून
नेहमीसारखी जात होती, आपल्या पातळीत.
एकोणतिसाव्याला घंटा वाजली,
एवढीशी, दुकानात गिऱ्हाईक शिरावं तशी.
सिरिलने वळून दाराकडे पाहिलं.
कुणी नव्हतं.
"अजून एक," तो म्हणाला.