कडी

कार्डावर नाव काय लिहू, डॉक्टर ठवरेंनी विचारलं
आणि मी गडबडले.
घरी आम्ही तिला नुसतं "ए" म्हणतो.
नाव ठेवलं की जीव अडकतो,
मागच्या थंडीत शिकले.

मागच्या थंडीत दोघं होती.
तर्री, पोह्यांवर ओतल्यासारखी लाल,
आणि हिरव्या डोळ्यांचा, म्हणून सांबार.
पुण्याची वहिनी हसली, इडलीबरोबरचं नाव मांजराला?
तिला कोण सांगणार,
आमच्याकडे सांबार जुडीनं मिळतो.

दिवाळीनंतर कूलर बंद असतो.
त्याच्या कोरड्या टाकीत, जुन्या पोत्यावर
दोघं एकमेकांत गुंडाळून झोपायची.
आधी एक शिंक आली.
पिको मशीनचा धागा गेला असेल नाकात, म्हटलं.
मग दहा.
मग एका सकाळी सांबारचे डोळे उघडेनात,
पापण्या डिंकानं चिकटवल्यासारख्या.
मी कोमट पाण्याचा बोळा फिरवत बसले,
दारात गिऱ्हाईक, फॉल कधी देता?
पराते काकू म्हणाल्या, "सर्दी हाय बाप्पा,
माणसाले होत नाही का? जाते आपोआप."

सांबारनं खाणं सोडलं.
गोळीबार चौकातून मासोळी आणली, उकडली,
बोटावर घेऊन तोंडाशी नेली.
त्यानं मान फिरवली.
मला वाटलं, रुसला.

नाक बंद झालं की मांजराला
अन्न हे अन्नच वाटत नाही,
हे डॉक्टरांनी आज सांगितलं, सहज, सुई भरता भरता.
आणि मला तर माहीत होतं ते!
त्या वर्षी महिनाभर माझी फोडणी जळायची
आणि शेजारचे येऊन गॅस बंद करायचे.
भात चावायचे, कापूस चावावा तसा.
कुणीतरी समोर बसून खा म्हणायचं, म्हणून खायचे.
सांबारसमोर मीही बसले होते की.
चार दिवस.

तर्री वाचली. एका डोळ्यावर साय धरली तेवढी.
पण ते आत दडून असतं म्हणे, जन्मभर,
दगदग झाली की वर येतं.
मे महिन्यात दोन रात्री लाइट नव्हती
तेव्हा तर्री शिंकली होती, आठवलं.

आणि ही तिसरी.
मारबतीच्या दिवशी सापडली,
मिरवणूक गेल्यावर रस्त्यावर राहिलेल्या चपलांच्या ढिगात.
सकाळीच मी गच्चीवरून ओरडले होते गर्दीबरोबर,
खोकला, सर्दी, रोगराई घेऊन जाय गे मारबत!
ओरडायचं ते ओरडावंच.
पण ही तर्रीच्याच ताटलीत तोंड घालते,
म्हणून संत्र्याच्या पेटीत घालून, वर साडीचा फॉल बांधून
आज इथे.
ऑटोवाला म्हणाला, "मांजरीले सुई? मजा हाय तिची."

मानेची कातडी चिमटीत धरली, झालं.
ती ओरडलीसुद्धा नाही, टेबलावरची झुरळं बघत होती.
आता हिला काही होणार नाही ना, मी विचारलं.
डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत.
"शिंकेल कदाचित. पण बहुतेक खाणं सोडणार नाही.
लस म्हणजे कुलूप नाही हो, कडी आहे.
धक्का बसला तर दार हलेल.
आणि एकदा लावून भागत नाही,
महिन्यानं परत आणा."

मग नाव?
कडी, म्हटलं.
त्यांनी लिहिलं: कढी.
तर्रीची बहीण, त्यांना वाटलं असेल.
मी खोडायला लावलं नाही.

घरी आल्यावर तर्रीनं तिची मान हुंगली
आणि शिंकली. एकदा.
मी मशीनवरचा पाय उचलला.
साडी सुईत अडकलेली, काकू दारात उभ्या,
मी पुढची शिंक मोजायला थांबलेली.

कढी ताटलीकडे गेली.
आधी वास घेतला.