एक बोट जागा

माझ्या मोबाइलात घराचे चार टप्पे आहेत:
जोता, चौकट, छत, पूर्ण.
टप्प्याला एक फोटो, फोटोमागे एक हप्ता.
घर पाडायचा टप्पा त्यात नाही,
म्हणून त्या दिवशी मी नुसतीच उभी होते
पत्रूजी मांदाळेंच्या अंगणात,
तणसाच्या ढिगाला टेकून.

ते घर पाडत नव्हते. सोडवत होते.
आधी कवेलू, मग फाटे, मग आडं,
चढलं होतं त्याच्या उलट.
प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना सारखीच खूण:
एक रेघ, दोन रेघा, फुली, कोंबडीचा पाय.
बापानं वाकसानं केलेल्या.
बापाला अक्षर येत नव्हतं,
पण कुठलं कुसू कुठल्या खोबणीत
हे तो लाकडावर लिहून गेला.

शेवटची पाचर निघाली तेव्हा
मयाल जराशी वर आली,
डोक्यावरचा भारा उतरवल्यावर
मान येते तशी.

मी कॉलेजात भार शिकले ते बाणांनी.
खाली रोखलेले बाण,
त्यांना उत्तर देणारे वरचे बाण.
बेरीज शून्य आली की घर उभं.
पुढं सगळं गिलाव्याच्या आत जातं,
सळया, कड्या, बांधायची तार,
आणि सायत्राबाई विचारतात,
"याले धरलं कोनं हाये, म्याडम?"
जुन्या घरात हे विचारावं लागलं नसतं.
तिथं झोपल्या झोपल्या दिसायचं
कोण कोणाच्या खांद्यावर.

स्लॅब पडला चैतात.
समोर साडेतीन फूट छज्जा,
खाली काहीच नाही. आराखडा माझाच.
पत्रूजींनी बिज्याचा जुना खांब आणला,
उथळ्यात कुसू बसवलं, पाचर ठोकली,
ओळंबा धरून बराच वेळ गप्प राहिले,
मग खांबाचा माथा कापला.
छज्ज्यापासून एक बोट आखूड.

मी म्हटलं, माप चुकलं का?

"माप कायले चुकते.
तुमचा छज्जा आपल्या भरोशावर उभा हाये.
हा काही उचलत नाही.
त मंग टेकवून
लाकडाले खोटं बोलाले कायले लावू?"

मग कायले उभा केला, हे मी विचारलं नाही.
त्या खांबाला एका उंचीवर
पाठ घासून आलेली चकाकी होती.

तपासणीचे साहेब म्हणाले,
फट बुजवून घ्या, फोटो बरा येईल.
मी शेऱ्यात लिहिलं: फट हेतुपुरस्सर.
शेरा परत आला. पुन्हा तेच लिहिलं.
चौथा हप्ता अडला, मग सुटला.
फटीत सायत्राबाई विळा ठेवू लागल्या,
कधी वीजबिल.

परवा त्याच रस्त्यानं गेले.
दोन पावसाळे उलटलेत.
विळा खुंटीला होता.
पत्रूजी काही न बोलता मला खांबाशी घेऊन गेले,
फटीत करंगळी घालून पाहिली.
गेली नाही. नख गेलं.

मी मनातल्या मनात
वाळू, पाणी, सळयांमधलं अंतर
सगळं पुन्हा मोजलं. तोंडाला कोरड.
ते छज्ज्याकडे पाहतच नव्हते.
खांबाच्या अंगावरची धूळ
उपरण्यानं पुसत होते,
पहिल्यांदा मजुरीला निघालेल्या पोराची पुसावी तशी.

"येऊ द्या," म्हणाले, "सावकाश.
तयार हाये तो."